सुरकुत्यांची इंजेक्शने: पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी

लातुरात माझे औषधांचे दुकान आहे. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे, आणि तो विचारणारी व्यक्ती दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाजूला थांबून राहते. "ताई, ते बोटॉक्स तुमच्याकडं मिळतंय का?" असे हळूच विचारले जाते आणि पाठोपाठ मोबाइलवरची एखादी जाहिरात पुढे केली जाते. विचारणाऱ्यांत मुलाचे लग्न ठरलेल्या औशाच्या, निलंग्याच्या बाया असतात, शिकवणी वर्गांतले मास्तर असतात, निवृत्तीला आलेले बँक अधिकारीही असतात. या सर्वांना उभ्याउभ्या सांगून जे संपत नाही, ते येथे पायरीपायरीने लिहीत आहे.

पहिले उत्तर मात्र तिथल्या तिथे देता येते: हे दुकानातून नेऊन घरी किंवा पार्लरमध्ये टोचून घेण्याचे औषध नाही. ते डॉक्टरांनी मागवायचे, डॉक्टरांनी विरघळवायचे आणि डॉक्टरांनीच टोचायचे असते.

औषध कोणते आणि ते करते काय

बोटॉक्स हे एका कंपनीच्या उत्पादनाचे नाव आहे; आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणणाऱ्या पिढीतले असल्यामुळे ते आता सगळ्याच इंजेक्शनांना लागू झाले आहे. मूळ औषध म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूने तयार केलेले विष. नीट न टिकवलेल्या मांसातून आणि डबाबंद अन्नातून होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे कारण तेच आहे, आणि त्याचे नावही सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले. विष औषध कसे झाले, याची गोष्ट डोळ्यांच्या दवाखान्यातून सुरू होते. अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा अगदी अल्प मात्रेत उपयोग करून पाहिला आणि १९८९ साली एफडीए या तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेने तिरळेपणा व पापण्यांची अनावर उघडझाप यांसाठी त्याला मान्यता दिली. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हर येथील जीन कॅरथर्स या नेत्रतज्ज्ञ बाईंच्या लक्षात आले की पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्याही जातात. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर कॅरथर्स त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून १९९२ साली त्यावर शोधनिबंध लिहिला, आणि २००२ साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी, म्हणजे निव्वळ सौंदर्यासाठी, अमेरिकेत मान्यता मिळाली. डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या रेषांसाठी ती २०१३ साली आणि कपाळावरच्या आडव्या रेषांसाठी २०१७ साली आली.

हे औषध त्वचेवर काम करत नाही, स्नायूवर करते. मेंदूचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी येतो आणि तिथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटून स्नायू आकसतो. टॉक्सिन त्या रसायनाची वाट अडवते. स्नायू शाबूत राहतो, पण त्याला आज्ञा पोहोचत नाही, आणि आकसणे थांबल्यामुळे वरच्या त्वचेला पडणारी घडीही पडेनाशी होते. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो, साधारण दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतू आपली वाट पुन्हा मोकळी करून घेतो. हे तीन आकडे लक्षात ठेवावेत. पुढच्या बहुतेक सूचना त्यांतूनच निघतात.

एक गैरसमज येथेच दूर करते. पार्लरमध्ये "केसांचे बोटॉक्स" म्हणून जे करतात, त्यात हे औषध नसते. तो केसांना लावायचा लेप असतो. "बोटॉक्स क्रीम" म्हणून विकले जाणारे क्रीमही नावापुरतेच. वरून चोळून स्नायूपर्यंत पोहोचणारे असे काही त्या डबीत नसते.

पहिली पायरी: आरशासमोर दहा मिनिटे

खिडकीशेजारी, दिवसाच्या उजेडात, आरसा घेऊन बसावे. चेहरा आधी सैल सोडावा आणि जे दिसते ते पाहावे. मग कपाळ वर चढवावे, भुवया एकमेकींकडे ओढाव्यात, मनापासून हसावे. हावभाव करतानाच उमटणाऱ्या आणि चेहरा सैल सोडताच जाणाऱ्या रेषा या औषधाला उत्तम दाद देतात. चेहरा शांत असतानाही खोल कोरल्यासारख्या दिसणाऱ्या रेषा उथळ होतील, पण सर्वस्वी जातीलच असे नाही. गालांची उतरण, हनुवटीखालची सैल कातडी, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत येणारी घळ, डोळ्यांखालचा काळेपणा आणि वांग यांवर या इंजेक्शनाचा उपयोग नाही, आणि आहे असे सांगणारा माणूस एकतर अज्ञानी आहे किंवा विक्रेता.

आपल्याकडे ही परीक्षा विशेष महत्त्वाची आहे. गोऱ्या कातडीच्या मानाने आपल्या सावळ्या कातडीवर बारीक सुरकुत्या उशिरा येतात. आधी येतात ते वांग, डाग आणि रंगाचा असमानपणा. त्यात मराठवाड्यातला उन्हाळा आणि शेतात, बाजारात, दुचाकीवर उन्हात जाणारा दिवस. माझ्या काउंटरवर बोटॉक्स विचारायला आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची खरी तक्रार काळवंडण्याची निघते. त्यांना टोपी, ओढणी, रोज सकाळी आणि दुपारी पुन्हा लावायचे सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेले रात्रीचे क्रीम यांचा उपयोग इंजेक्शनापेक्षा कितीतरी जास्त होईल, आणि खर्चही कमी होईल. आपल्या चेहऱ्यावर नेमके काय आहे हेच कळत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा लातूर, नांदेड, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग बाह्यरुग्ण विभागात जाऊन मत घ्यावे. तिथे बसणाऱ्या डॉक्टरांना आपल्याला काही विकायचे नसते.

फिलर हे वेगळे इंजेक्शन आहे, हेही येथे सांगणे भाग आहे, कारण पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकाच दमात सुचवले जातात. फिलर म्हणजे बहुधा हायल्युरॉनिक आम्लाची जेल. ती खड्डा भरते, स्नायूला सैल करत नाही. तिचा धोकाही निराळा आहे: जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, कातडी मरते आणि क्वचित दृष्टी जाते. ती विरघळवणारे हायल्युरॉनिडेज हे औषध ज्या दवाखान्यात हाताशी नाही, तिथे फिलर घेऊ नये. या लेखातले पुढचे सर्व बोट्युलिनम टॉक्सिनविषयी आहे.

दुसरी पायरी: आपण घेऊ नये अशांत मोडतो का

गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी हे इंजेक्शन घेऊ नये. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायू-मज्जातंतूंचा आजार असणाऱ्यांना अगदी थोड्या मात्रेनेही गिळण्याचा आणि श्वासाचा त्रास होऊ शकतो. टोचायच्या जागी पुटकुळ्या, गळू किंवा संसर्ग असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. पूर्वी या औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल तर विषय तिथेच संपतो. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही आधी सांगावे, कारण याच औषधाच्या डिस्पोर्ट या दुसऱ्या उत्पादनात त्या प्रथिनाचा अंश असू शकतो.

औषधांची यादी घरून लिहून न्यावी. जेंटामायसिन, अमिकासिन या जातीची अँटिबायोटिक इंजेक्शने चालू असतील किंवा नुकतीच झाली असतील तर टॉक्सिनचा परिणाम वाढू शकतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे टोचलेल्या जागी काळेनिळे डाग पडतात. मात्र डाग पडू नयेत म्हणून हृदयरोगाची गोळी आपल्या मनाने बंद करणे हा शुद्ध वेडेपणा आहे. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना विचारावे, आणि ते नाही म्हणाले तर चार दिवसांचा काळा डाग सोसावा.

आणखी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. घरातल्या एका तरी माणसाला सांगून जावे. आपल्याकडे बायका हे सासरी लपवतात, पुरुष तर मित्रांपासूनही लपवतात. नंतर गिळायला किंवा बोलायला त्रास होऊ लागला, तर रुग्णालयात नेणाऱ्याला इंजेक्शनाची गोष्ट माहीतच नसते, आणि डॉक्टर पक्षाघाताचा तपास करत बसतात.

तिसरी पायरी: टोचणारा हात कोणाचा

जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी हे इंजेक्शन देणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. पहिले, गावातच दवाखाना असलेले त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. दुसरे, पुण्याहून किंवा हैदराबादहून महिन्यातून एका रविवारी येणारे डॉक्टर. तिसरे, एखाद्या आठवड्याचा कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे. तिसऱ्या प्रकाराकडे जाऊ नये, एवढे सांगून पुढे सरकते.

पदवी पाहावी. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा पदविका, अथवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच, अशी ती असते. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" या शब्दामागे ठरावीक अशी एक वैद्यकीय पदवी नसते, त्यामुळे पाटीवर तेवढेच लिहिलेले असेल तर पुढे विचारावे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. विचारण्यात संकोच नको. खऱ्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

दुसऱ्या प्रकाराबद्दल मात्र जरा थांबून लिहिते, कारण मी स्वतः तिथेच फसले. चार वर्षांपूर्वी माझ्या भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्यांसाठी मी एका पार्लरमध्ये भरलेल्या रविवारच्या शिबिराला गेले. डॉक्टर पदवीधर होते, हात सफाईदार होता, सगळे सात-आठ मिनिटांत उरकले. सिरिंज आतल्या खोलीतून भरूनच आली. ज्या बाईच्या दुकानात इन्शुलिनच्या प्रत्येक व्हायलचा, म्हणजे छोट्या बाटलीचा, बॅच नंबर लिहिला जातो, तिने स्वतःच्या कपाळात जाणाऱ्या औषधाची व्हायल पाहायला मागितली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पाचव्या दिवशी सकाळी एक चिठ्ठी वाचताना डावीकडचे अक्षर झाकल्यासारखे वाटले. आरशात पाहिले तर डावी पापणी बुबुळाच्या निम्म्यापर्यंत उतरली होती. दिलेल्या नंबरवर फोन केला तेव्हा "डॉक्टर पुढच्या महिन्यात येतील" एवढेच उत्तर मिळाले. गिऱ्हाइके आपुलकीने विचारत होती, "ताई, झोप झाली नाही का?" शेवटी गावातल्या नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब दिले, त्याने पापणी मिलिमीटर-दोन मिलिमीटर वर राहू लागली, आणि पाच आठवड्यांनी डोळा पूर्ववत झाला.

पापणी उतरणे हा काही गुन्हा नव्हे. औषध थोडेसे खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूला लागले की तसे होते; भुवयांमधल्या इंजेक्शनाच्या मूळ चाचण्यांतही ते सुमारे ३ टक्के लोकांत दिसले होते. चांगल्या हातूनही ते घडते. माझी तक्रार वेगळी आहे: नेत्रतज्ज्ञांनी "कोणते औषध, किती युनिट?" असे विचारले तेव्हा मला एका शब्दाचेही उत्तर देता आले नाही, आणि ज्यांना ते देता आले असते ते गावात नव्हते. म्हणून आता मी सर्वांना एकच प्रश्न आधी विचारायला सांगते: "चौदाव्या दिवशी तुम्ही कुठे भेटाल?" बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांकडे याचे स्पष्ट उत्तर असेल, गावातल्या कोणा डॉक्टरवर त्यांनी मधली जबाबदारी सोपवलेली असेल आणि त्यांचा स्वतःचा फोन लागत असेल, तर माझी हरकत नाही.

चौथी पायरी: व्हायल डोळ्यांनी पाहणे

हे औषध थंडीत सांभाळावे लागते. बोटॉक्सची न उघडलेली व्हायल २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे फ्रीजमध्ये, ठेवायची असते. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना, थर्माकोलच्या डब्यात बर्फ वितळून पाणी झालेले असताना आणि गावात वीज गेलेली असताना ती व्हायल कशी आली आणि कुठे राहिली, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. उन्हात तापलेले औषध बहुधा अपाय करणार नाही, पण कामही करणार नाही, आणि पैसे मात्र पूर्ण जातील.

दुसऱ्यांदा मी संभाजीनगरला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, तेव्हा हे कसे असावे ते पाहिले. त्यांनी फ्रीजमधून बंद व्हायल माझ्यासमोर आणली आणि नाव, बॅच नंबर, एक्सपायरी मला वाचायला लावली. परदेशी बनावटीच्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव आणि आयात परवान्याचा क्रमांकही असावा लागतो, तो त्यांनी बोटाने दाखवला. व्हायल मला रिकामीच वाटली. तळाशी पांढुरक्या धुक्यासारखा पातळ थर तेवढा होता. त्यांनी सलाईनची सुई बुचातून आत घातली, तशी दट्ट्या न दाबता सलाईन आपोआप आत ओढले गेले. "पाहा, ओढलं ना आत? आतली निर्वात पोकळी शाबूत आहे. नसतं ओढलं तर ही फेकूनच द्यावी लागली असती," असे त्या म्हणाल्या. मग व्हायल खळखळून न हलवता तळव्यावर हलकेच फिरवली. एवढ्या दोन मिनिटांत मला औषधाबद्दल जेवढे कळले तेवढे माहितीपत्रक वाचून कळले नव्हते.

युनिट, म्हणजे या औषधाची मात्रा मोजण्याचे माप, हा शब्द येथे समजून घ्यावा. बोटॉक्सच्या माहितीपत्रकानुसार भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच ठिकाणी प्रत्येकी ४, असे एकूण २० युनिट लागतात. डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांसाठी मिळून २४ आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २० युनिट, तेही भुवयांमधल्या २० युनिटसह. डिस्पोर्टचे युनिट निराळे असते. त्याच भुवयांमधल्या आठ्यांसाठी त्याचे ५० युनिट लागतात. म्हणून "आमच्याकडे पन्नास युनिट देतात" हे ऐकून हुरळून जाऊ नये आणि "वीसच दिले" म्हणून हळहळूही नये. कोणत्या कंपनीचे, हे आधी विचारावे. एक व्हायल दोघीतिघींत वाटण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. माहितीपत्रक मात्र विरघळवलेली व्हायल फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत आणि एकाच रुग्णासाठी वापरावी असे सांगते. काल उघडलेली, अर्धी उरलेली व्हायल स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. सुई आणि सिरिंज आपल्यासमोर नवी फोडली पाहिजे, याबाबत तडजोड नाही.

बनावट मालाची भीती कल्पनेतली नाही. २००४ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात परवाना नसलेले, प्रयोगशाळेसाठीचे तीव्र टॉक्सिन टोचल्याने चार जण लुळे पडून कृत्रिम श्वासावर गेले, आणि त्यांत ते टोचणारा डॉक्टरही होता. २०२४ साली त्याच देशात अनेक राज्यांत बनावट बोटॉक्समुळे लोक आजारी पडले. जिथे तपासणी कडक आहे तिथे असे घडते, तर व्हॉट्सअ‍ॅपवर निम्म्या भावात मिळणाऱ्या व्हायलबद्दल अधिक काय सांगावे.

पाचवी पायरी: तारीख ठरवणे

आपल्याकडे हे इंजेक्शन बहुधा घरच्या लग्नासाठी घेतले जाते आणि बहुधा लग्नाच्या आठवड्यात घेतले जाते. दोन आठवड्यांत परिणाम पूर्ण होतो, त्यानंतर तपासणी, लागल्यास थोडी भर, आणि तिचा परिणाम दिसायला पुन्हा काही दिवस. हा हिशेब धरला तर लग्नाच्या निदान चार-पाच आठवडे आधी सुई लागलेली असावी. पहिल्यांदाच घेणाऱ्यांनी तर लग्नाची वाट न पाहता एखाद्या मोकळ्या महिन्यात घेऊन पाहावे, म्हणजे पापणी उतरली किंवा भुवई वर चढली तरी फोटोत कायमची राहणार नाही.

हळदीचाही विचार करावा. वरमाय असो की करवली, हळदीच्या दिवशी कोण येऊन गालाकपाळाला किती जोराने हळद चोळेल याचा भरवसा नसतो, आणि इंजेक्शनानंतरच्या पहिल्या दिवशी कपाळ चोळणे हेच नेमके टाळायचे असते.

सहावी पायरी: त्या दिवशी आणि त्यानंतर

आधी चेहऱ्याचे फोटो काढले जावेत: शांत, भुवया आवळलेला, हसरा. संमतीपत्र मराठीत मागावे आणि वाचूनच सही करावी. डॉक्टर आपल्याला आठ्या घालायला, हसायला लावून पेन्सिलीने ठिपके काढतात. सुई इन्शुलिनच्या सुईसारखी बारीक असते. भुवयांमध्ये मुंगी चावल्यासारखे पाच वेळा होते आणि संपते. मुंगीच्या गांधीसारखे उंचवटे तास-अर्ध्या तासात बसतात. थोडी डोकेदुखी, जागा दुखरी होणे, एखादा निळसर डाग हे नेहमीचे आहे.

त्या दिवशी टोचलेली जागा दाबू नये, चोळू नये. फेशियल, ब्लीच, वाफ आणि जोराचा व्यायाम टाळावा. घट्ट हेल्मेट, कपाळावर आवळून बांधलेला स्कार्फ, समारंभाचा फेटा हे सगळे त्या दिवसापुरते बाजूला ठेवावे, म्हणजे परगावी दुचाकीवर येणाऱ्यांनी त्या दिवशी बसने यावे. हेल्मेट काढून गाडी चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. चार तास आडवे होऊ नये असेही सांगतात. त्याला फार भक्कम पुरावा नाही, पण पाळायला काही खर्च येत नाही, म्हणून पाळावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीच फरक दिसत नाही म्हणून घाबरून दुसरीकडे पुन्हा टोचून घेणारे मी पाहिले आहेत. दोन्हींचा परिणाम एकदम उतरला की कपाळ फळीसारखे होते आणि भुवया डोळ्यांवर येतात. चौदा दिवस थांबावे.

सातवी पायरी: चौदावा दिवस

पुन्हा आरशासमोर तेच हावभाव करावेत आणि डॉक्टरांना दाखवावेत. एक भुवई टोकाशी वर चढलेली, एका बाजूची रेष जास्त राहिलेली, असे किरकोळ दोष एक-दोन युनिटांनी सुधारता येतात. उतरलेली पापणी किंवा भुवई मात्र काळच सुधारतो, कारण टॉक्सिन परत काढून घेणारे औषध चेहऱ्यासाठी नाही. फिलर विरघळवता येते तसे हे विरघळवता येत नाही. म्हणूनच पहिल्यांदा कमी मात्रेत घेणे शहाणपणाचे: कमी पडले तर भर घालता येते, जास्त झाले तर तीन महिने वाट पाहावी लागते.

चांगले झालेले काम कसे दिसते, तर भेटणाऱ्याला आपण विश्रांती घेऊन आल्यासारखे वाटतो आणि काय केले ते त्याला ओळखता येत नाही. फायदा एवढाच आणि इतकाच आहे. कपाळावर कायम आठी असल्यामुळे "रागावलात का?" असे दिवसातून चारदा ऐकणाऱ्या माणसाला तो थोडा वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

काही बिघडले तर

डोळा कोरडा पडणे, पापणी उतरणे, दोन-दोन दिसणे यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. गिळायला जड जाणे, आवाज बसणे किंवा बोबडा होणे, अंगात अशक्तपणा पसरणे, श्वास घ्यायला कष्ट पडणे यांपैकी काहीही झाले तर वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि इंजेक्शन कधी, कोणते घेतले ते न लपवता सांगावे. औषध टोचल्या जागेपासून दूर पसरल्याची ही लक्षणे काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने या सर्व उत्पादनांवर चौकटीतला इशारा छापणे सक्तीचे केले ते यासाठीच. सुरकुत्यांसाठीच्या मात्रेत, अस्सल औषधाने असे घडणे अतिशय विरळ आहे. बनावट किंवा अवाजवी मात्रेच्या औषधाने ते घडते.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही करू शकतो. बनावट मालाचा संशय असेल तर जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार द्यावी, आणि त्यासाठी व्हायलचा फोटो व बिल जवळ असणे आवश्यक आहे.

पैसा, आणि थांबणे

काही ठिकाणी युनिटप्रमाणे, काही ठिकाणी चेहऱ्याच्या भागाप्रमाणे पैसे घेतात. युनिटप्रमाणे घेणाऱ्यांकडे हिशेब पडताळता येतो, म्हणून मला तो बरा वाटतो. सौंदर्यासाठीच्या या खर्चाला आरोग्य विमा चालत नाही, आणि आरोग्यसेवेची जीएसटी सवलतही लागत नाही, त्यामुळे पक्क्या बिलात कर दिसेल. "बिल नको असेल तर कमी करू" म्हणणाऱ्याकडून इंजेक्शन घेऊ नये. एका वेळेचा खर्च न पाहता वर्षाचा पाहावा, कारण परिणाम टिकवायचा तर वर्षातून तीन-चार वेळा यावे लागते. तीन महिन्यांच्या आत पुन्हा घेऊ नये. वारंवार आणि मोठ्या मात्रेत घेतल्यास शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि औषध लागू पडेनासे होऊ शकते.

एकदा घेतले की कायम घ्यावेच लागते, हा समज खरा नाही. थांबले की स्नायू हळूहळू कामाला लागतो आणि रेषा पूर्वी होत्या तशा परततात, पूर्वीपेक्षा वाईट होत नाहीत. त्यामुळे पहिल्या अनुभवानंतर मन रमले नाही, किंवा त्या पैशांची घरात दुसरीकडे गरज निघाली, तर निश्चिंतपणे सोडून द्यावे.

प्रत्येक वेळी एका वहीत पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख, कंपनीचे नाव, बॅच नंबर, कोठे किती युनिट, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. व्हायलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. माझ्या वहीत अशी एकच पूर्ण नोंद आहे. तिच्या वरच्या ओळीत तारखेपुढे चार जागा कोऱ्या आहेत, त्या पार्लरमधल्या रविवारच्या.